पीटची वकिली पुरे

‘पीट मॉस ही निसर्गाचीच देणगी. त्यात रसायन नाही, प्लास्टिक नाही. शेवाळ वाढतं, आपण काढतो, पुन्हा वाढतं. मग त्याला नावं कशाला ठेवायची?’ ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या बागप्रेमी मंडळींत हा युक्तिवाद आता इतका रुळला आहे की त्याची उलटतपासणी करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. टेंभी नाक्याच्या जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती असोत की घोडबंदर रोडचे टॉवर, बाल्कनीत चार कुंड्या मांडणारा माणूस ‘इंपोर्टेड पीट’ची गोणी घेताना हे वाक्य दुकानात ऐकतो आणि घरी येऊन शेजाऱ्याला ऐकवतो. त्या वाक्यातला ‘नैसर्गिक’ हा भाग तेवढा खरा आहे. बाकीच्याबद्दल हा लेख.

नैसर्गिक तर दगडी कोळसाही आहे. हे केवळ टोचून बोलायचं म्हणून बोलत नाही. पीट ही कोळसा होण्याच्या वाटेवरची पहिली पायरी आहे आणि आयर्लंडपासून रशियापर्यंत माणसांनी ते पिढ्यानपिढ्या चुलीत आणि पुढे वीजनिर्मिती केंद्रांत जाळलेलं आहे. कुंडीत घातलं म्हणून त्याची जात बदलत नाही.

स्फॅग्नम नावाचं शेवाळ उत्तरेकडच्या थंड, ओल्या दलदलीत वाढतं. त्याला मुळं नसतात. त्याच्या पानांत मोठमोठ्या रिकाम्या पेशी असतात आणि त्या स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतात. शिवाय हे शेवाळ आजूबाजूचं पाणी आंबट करून टाकतं. वरचा भाग वाढत राहतो, खालचा मरतो. पण मेलेलं शेवाळ पाण्याखाली, प्राणवायूविना, आंबट वातावरणात पडून राहिल्यामुळे पुरतं कुजत नाही. त्याचे थर बसत जातात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. १९५० मध्ये डेन्मार्कमध्ये पीट काढताना एक मृतदेह सापडला, ताज्या खुनाचा असावा म्हणून पोलिसांना बोलावलं गेलं, आणि निघाला तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस. चेहऱ्यावरचे खुंट शाबूत. पहिल्या महायुद्धात हेच शेवाळ वाळवून जखमांवर बांधत, कारण ते कापसापेक्षा जास्त रक्त शोषायचं. असा हा गुणी पदार्थ आहे. त्याच्या गुणांबद्दल माझी तक्रार नाही.

आता तो काढतात कसा ते पाहू. वकिली करणारी मंडळी नेमका हाच भाग वगळतात. त्यांच्या बोलण्यातून असं चित्र उभं राहतं की कुणीतरी टोपली घेऊन दलदलीत शिरतं आणि वरवरचं शेवाळ खुडून आणतं, आपल्याकडे रानातून कुडाची फुलं आणावीत तसं. प्रत्यक्षात पहिलं काम असतं दलदलीला ठार करण्याचं. आधी चर खणतात, एकमेकांना समांतर, ठरावीक अंतरावर, लांबच लांब. त्यांतून पाणी वाहून जायला एकदोन हंगाम तरी जातात. मग वरची झुडपं, झाडं, आणि जे जिवंत शेवाळ हा सगळा थर तयार करत होतं तेसुद्धा, खरवडून काढलं जातं. दोन चरांमधला पट्टा मध्ये किंचित उंच, कडेला उतरता असा घोटून घेतात, म्हणजे पावसाचं पाणी साठत नाही. हे सगळं झालं की समोर उरतं काळं-तपकिरी, सपाट, नजर पोचेपर्यंत उघडं मैदान. त्यावर एक गवताचं पातंही नसतं. असलं तर ते तण समजून काढतात.

मग उन्हाळ्यात काढणी सुरू होते. ट्रॅक्टरमागे काटेरी अवजार जोडून वरचा थर जेमतेम सेंटिमीटरभर सैल करतात. एकदोन दिवस ऊन-वारा मिळाला की तो भुगा वाळतो. वाळला की दुसरं यंत्र येतं. भल्यामोठ्या व्हॅक्यूम क्लीनरसारखं, तोंड जमिनीला लावून तो वाळलेला भुगा शोषून पोटात घेतं आणि शेताच्या कडेला ढीग घालतं. पुन्हा थर सैल करायचा, पुन्हा वाळवायचा, पुन्हा शोषायचा. पाऊस आला की काम बंद, ऊन पडलं की चालू. कोरडा पीट पेट घेतो आणि पेटला की आत धुमसत राहतो, म्हणून ढिगांवर पहारा लागतो. काही ठिकाणी अजून ठोकळे कापून, रचून, महिनोनमहिने वाळवण्याची जुनी पद्धत आहे. ऑर्किडवाल्यांना आणि मोठ्या रोपवाटिकांना लागणारा जाड रेशांचा पीट तसा निघतो. वरचा, कमी कुजलेला थर तो ‘पांढरा पीट’, खालचा जुना तो ‘काळा’. पुढे चाळण्या, चुना घालून आंबटपणा कमी करणं, दाबून गाठोडी बांधणं, कंटेनर, बंदर. आपल्याकडच्या दुकानांत येणाऱ्या गोण्यांवर बहुधा लिथुआनिया, लात्विया, जर्मनी अशी नावं सापडतील.

अशा शेतातून एका हंगामात पाच ते दहा सेंटिमीटर थर निघतो. पाचच धरू. वर्षाला एक मिलिमीटर या वेगाने तो तयार व्हायला पन्नास वर्षं लागली होती. म्हणजे एका उन्हाळ्यात पन्नास वर्षं, वीस उन्हाळ्यांत हजार. कल्याणजवळच्या अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. शिलाहारांचे कारागीर तिथला दगड घडवत होते तेव्हा एखाद्या बाल्टिक दलदलीत जे शेवाळ मेलं, ते आज जवळपास मीटरभर खोल आहे. ते मंदिर पाडून खडी करावी आणि ‘दगड काय, डोंगरात पुन्हा मिळतोच’ म्हणावं, तशातली ही ‘पुन्हा वाढतं’ची भाषा आहे. वाढतं, हे खरं. ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने काढलं तर धंदाच होणार नाही, हेही तितकंच खरं.

इथे कुणी म्हणेल, हे तिकडच्या थंड मुलखाचं, आपला काय संबंध? आपल्याकडेही पीट आहे. निलगिरीच्या पठारावर, उटीच्या आसपासच्या खोलगट दलदलींत ते साठलेलं आहे. रामन सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच पीटच्या थरांतून गेल्या वीस हजार वर्षांचा मान्सून वाचून दाखवला. कोणत्या काळात गवत जास्त होतं, कोणत्या काळात झाडं, पाऊस केव्हा जोरात होता आणि केव्हा हटला होता, हे सगळं त्या काळ्या चिखलातल्या कार्बनमध्ये नोंदलेलं आहे. पावसाचा इतका जुना हिशेब आपल्या हाती फार थोड्या जागी लागतो. याच निलगिरी पीटची पूड एके काळी जिवाणू खतांच्या पाकिटांत वाहक म्हणून वापरत. पुढे लिग्नाईट आणि इतर पर्याय आले, रायझोबियम जिवाणूंची पाकिटं अजूनही मिळतात आणि पीटवाचून कुणाच्या तुरीचं काही अडलेलं नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत आवडता आकडा घेऊ. तो माझ्यापुढे दर वेळी एखाद्या हुकमाच्या एक्क्यासारखा टाकला जातो. कॅनडातल्या एकूण पीटच्या जमिनीपैकी आजवर केवळ ०.०३ टक्के जमिनीवर काढणी झाली आहे. हा आकडा तिथल्या पीट उद्योगाचा आहे आणि तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. कॅनडात अकरा कोटी हेक्टरांहून जास्त पीटची जमीन आहे. पण त्यातली प्रचंड जमीन उत्तरेला, जिथे रस्ता नाही, रेल्वे नाही, जमीन वर्षातला बराच काळ गोठलेली, तिथे आहे. ती कुणी काढायला जाणारच नव्हतं. काढणी होते ती दक्षिणेकडच्या, बंदराजवळच्या, रस्त्यालगतच्या दलदलींची. भागाकार करताना न काढता येणारी जमीन छेदात घातली की उत्तर लहानच येणार.

बरं, कॅनडाचा आकडा लिथुआनियाच्या गोणीला कसा लावता? कॅनडाचा बहुतेक पीट शेजारच्या अमेरिकेत जातो. युरोपात परिस्थिती वेगळी आहे. जर्मनीतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक पीटच्या जमिनी आज पाणी काढून टाकलेल्या अवस्थेत आहेत. इंग्लंड-आयर्लंडातल्या सखल भागातल्या उंचवट्यासारख्या दलदलींचा निसर्गावस्थेतला अंश आता किरकोळ उरला आहे. एका देशातल्या मुबलकतेची साक्ष दुसऱ्या देशातल्या मालासाठी काढणं याला आपल्या कोर्ट नाक्यावरचा कोणताही वकील हरकत घेईल.

आणि टक्केवारीचा हा खेळ ठाणेकरांना तरी समजावून सांगावा लागू नये. एके काळी साठेक तलाव होते म्हणतात, आता पस्तीसच्या आसपास उरले. त्यातला प्रत्येक तलाव बुजवताना तो शहराच्या क्षेत्रफळाचा नगण्य भागच होता. खाडीच्या कडेला भरावाचा प्रत्येक डंपर हाही टक्केवारीत शून्याच्या जवळचाच. २०१५ मध्ये ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा जाहीर झाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली. आपण आनंद व्यक्त केला, फोटो काढले. कांदळवनाखालचा तो काळा, वास मारणारा चिखलही कार्बन धरून बसलेलाच आहे. उद्या कुणी म्हणालं की खाडीचा फक्त ०.०३ टक्के चिखल वाळवून, चाळून, गोण्यांत भरून युरोपला बाल्कनीसाठी पाठवू, तर मोर्चा निघेल की नाही?

यानंतर येतो तो पुनर्स्थापनेचा मुद्दा. तो मात्र मी हलक्याने घेणार नाही, कारण त्यात काम झालेलं आहे आणि प्रामाणिक झालेलं आहे. क्युबेकमधल्या लाव्हाल विद्यापीठातल्या लीन रोशफोर आणि त्यांच्या गटाने काढणी संपलेल्या शेतांवर शेवाळ पुन्हा बसवण्याची पद्धत विकसित केली. चर बुजवायचे, जवळच्या जिवंत दलदलीतून वरचं थोडं शेवाळ आणून ते तुकडे करून पसरायचं, वर पेंढ्याचं आच्छादन घालायचं, पाण्याची पातळी वर आणायची. बोआ-दे-बेल इथली दलदल १९९९ मध्ये अशी दुरुस्त केली आणि साधारण दीड दशकाने ती पुन्हा हवेतला कार्बन शोषू लागल्याचं मोजमापांतून दिसलं. जगातल्या कुठल्याही खाणमालकाने मागे इतकं नीट केलेलं मला ठाऊक नाही.

पण यातून काय सिद्ध होतं? जखमेवर पुन्हा कातडी येऊ शकते एवढंच. जे मीटर-दोन मीटर निघून गेलं ते कुंड्यांत, प्लग ट्रेमध्ये, फुलांच्या वाफ्यांत गेलं आणि तिथे हवा लागून कुजून कर्ब वायू होऊन उडालं. ते परत आलेलं नाही आणि कुणाच्या नातवंडांच्या हयातीतही येणार नाही. पुनर्स्थापनेचा दाखला देऊन विक्रीचं समर्थन करणं म्हणजे चांगला सर्जन उपलब्ध आहे म्हणून हात मोडायला परवानगी देणं.

एक आक्षेप मला मान्य आहे. जगातल्या पीटच्या जमिनी जेमतेम तीन टक्के भूभागावर आहेत, पण त्यांत जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात आहे त्याच्या दुपटीच्या आसपास कार्बन साठलेला आहे. त्यांचं पाणी काढून टाकल्यामुळे दरवर्षी सुमारे दोन अब्ज टन कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. पण त्यात कुंड्यांसाठीच्या पीटचा वाटा लहान आहे. मोठा वाटा शेतीसाठी, कुरणांसाठी, लाकडासाठी आणि इंडोनेशियात ताडतेलाच्या मळ्यांसाठी सुकवलेल्या जमिनींचा. तेव्हा ‘आमच्याच मागे का लागता?’ हा प्रश्न उद्योगाने विचारला तर तो अगदीच गैर नाही. माझं उत्तर एवढंच की तिथे निदान लोकांचं अन्न आणि पोट गुंतलेलं आहे, ते सोडवायला अवघड आहे. झेंडूला, मोगऱ्याला आणि बाल्कनीतल्या तुळशीला पीट लागत नाही. जे सोडायला सोपं ते आधी सोडावं, हा साधा व्यवहार आहे.

‘माझ्या एका गोणीने काय होणार’ हेही ऐकते. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या पीटपैकी सुमारे सत्तर टक्के पिशव्यांतून किरकोळ ग्राहकाकडे जायचं, म्हणजे तिथला मोठा वापर व्यावसायिक शेतकऱ्याचा नव्हता, हौशी बागवाल्याचा होता. म्हणूनच २०२२ मध्ये इंग्लंडच्या सरकारने २०२४ पर्यंत हौशी ग्राहकांना पीट विकणं बंद करू असं जाहीर केलं. कायदा वेळेत झाला नाही, राजकारण आडवं आलं, पण दिशा ठरली. आयर्लंडची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या प्रमाणावरच्या पीट काढणीला परवान्याशिवाय चालू राहणं अशक्य केलं. २०२१ मध्ये बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने पीट काढणी कायमची थांबवली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लात्वियातून ३६०० टन पीट घेऊन एक जहाज आयर्लंडच्या बंदराला लागलं. पीटच्या देशात पीटची आयात! वकिली करणारे याचा दाखला देऊन म्हणतात, बघा, बंदी घालून काही होत नाही. मला तर यातून उलटंच दिसतं. एका देशाने खणणं थांबवलं आणि मागणी तशीच राहिली तर दुसऱ्या देशाची दलदल सुकते. म्हणजे प्रश्न विकत घेणाऱ्याच्या हातात आहे. विकत घेणाऱ्यांच्या त्या रांगेत आता आपण ठाणे-डोंबिवलीकर नव्याने, हौसेने आणि जास्त पैसे मोजून उभे राहतो आहोत.

आणि हे सगळं कोणत्या देशात? जो देश जगाला पीटचा पर्याय विकतो त्या देशात! नारळाच्या सोडणापासून काथ्या काढताना जो भुसा उरतो, ज्याला आपण कोकोपीट म्हणतो, तो एके काळी केरळ-तमिळनाडूत रस्त्याकडेला डोंगर होऊन पडायचा. आज तो भारताच्या काथ्या निर्यातीतला सर्वांत मोठा माल आहे. २०२०-२१ मध्ये देशाची काथ्या आणि काथ्याच्या वस्तूंची निर्यात ३७७८ कोटी रुपयांवर गेली, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास कमाई एकट्या या भुशाची होती. घेणारे कोण? अमेरिका, नेदरलँड्स, युरोपातले हरितगृहवाले, पीटपासून सुटका शोधणारे. म्हणजे पोल्लाचीच्या भुशाचे ठोकळे भरलेलं जहाज युरोपकडे निघालंय, आणि लिथुआनियाच्या दलदलीचा भुगा भरलेलं जहाज न्हावा-शेव्याकडे. अरबी समुद्रात कुठेतरी ते एकमेकांना ओलांडून जात असतील. तिकडचे लोक जे सोडायला निघाले, ते इकडे ‘प्रीमियम’ म्हणून कोकोपीटच्या कितीतरी पट भावाने विकलं जातं, आणि आपण त्याला दर्जा समजतो.

कोकोपीट काही सोवळं नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर समोरची बाजू सांगेलच. सोडणं खाऱ्या पाण्यात किंवा खाडीच्या कडेला कुजवली असतील तर भुशात मीठ राहतं, आणि धुतल्याशिवाय वापरलं तर रोपांची पानं करपतात. धुतल्यावर जे तांबडं पाणी निघतं ते जमिनीत मुरून विहिरी नासवतं. तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये या कारखान्यांना निरुपद्रवी ‘पांढऱ्या’ गटातून काढून ‘नारिंगी’ गटात टाकलं ते याच तक्रारींमुळे. कामगारांना धूळ सोसावी लागते. हे सगळं सुधारलं पाहिजे, आणि सुधारता येतं, कारण ही कारखान्याच्या सांडपाण्याची बाब आहे. नारळ दरवर्षी लागतो, सोडण दरवर्षी निघतं. पीटचं दुखणं सांडपाण्याचं नाही, मूळ मालाचंच आहे. दोन्हींत दोष आहेत म्हणून दोन्ही सारखीच, हा हिशेब आळशी माणसाचा आहे.

‘पीटसारखं काम दुसरं कशानेच होत नाही’ असंही ठासून सांगितलं जातं. नारायणगाव, नाशिक, सांगली या पट्ट्यातल्या रोपवाटिकांत जाऊन पाहा. टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची, अगदी उसाच्या डोळ्यांची रोपंसुद्धा प्रो-ट्रेमध्ये कोकोपीटवर उगवतात आणि तिथून टेम्पो भरभरून शेतांवर जातात. ज्या शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न त्या रोपावर अवलंबून आहे त्याचं पीटवाचून भागतं, आणि आपल्या कुंडीतल्या दोन पिटुनियांचं भागत नाही? पीटमध्ये एकसारखेपणा आहे, तण-रोग कमी असतात, आंबटपणा हवा तसा बसवता येतो. हे खरं, आणि टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेतून बाहेर आलेली नाजूक रोपं सावरण्यासाठी किंवा कीटकभक्षी वनस्पती पाळणाऱ्या मूठभरांसाठी त्याचं मोल मी समजू शकते. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

आपल्या हवेत तर पीट अनेकदा गैरसोयीचंच ठरतं. एप्रिल-मेच्या उन्हात पश्चिमेकडच्या बाल्कनीतली कुंडी दोन दिवस पाण्यावाचून राहिली की पीट खडखडीत वाळतं आणि मग पाणी धरतच नाही. वरून ओतलेलं पाणी कडेकडेने निथळून खालच्या ताटलीत, आत गोळा कोरडाच. आणि जुलैत? ठाण्याचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला. उघड्या गच्चीवर तेच पीट इतकं पाणी धरून बसतं की मुळं सडतात. थंड, ओल्या मुलखातल्या शेवाळाकडून आपण कोकणच्या काठावरच्या उन्हा-पावसात काम करून घेऊ पाहतो आणि झाड मेलं की रोपवाटिकेला दोष देतो.

टेंभी नाक्याला नवरात्र म्हणजे काय ते निराळं सांगायला नको. दुर्गेश्वरीच्या मंडपाकडे जाणाऱ्या गर्दीत एक छोटी उलाढाल दरवर्षी होते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. घटस्थापनेच्या आधी जांभळी नाक्याच्या बाजारात बायका परड्या, पत्रावळी, सात किंवा नऊ धान्यांच्या पुड्या आणि घटाची काळी माती विकायला बसतात. शेतातली माती, चाळलेली. घराघरांत त्या मातीवर गहू, ज्वारी, मूग पडतात आणि नऊ दिवसांत वीतभर वाढतात. कुणी म्हणेल, नऊ दिवस काहीही उगवतं, बियांच्या स्वतःच्या साठ्यावर. बरोबर आहे. पण कुंडीत झाड उगवायचं तर आधी परदेशी माध्यम हवं, ही धास्ती आपल्या घरात कधीच नव्हती, एवढं तरी त्यातून दिसतं. ती गेल्या काही वर्षांतली आहे आणि ती विकण्यासाठी तयार केलेली आहे.

आपल्याकडे या विषयात स्वतःचा विचार झालेलाही आहे. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून शेतकऱ्यांना आणि गच्चीवरच्या हौशी लोकांना सांगितलं की माती घरच्या घरी करता येते, पालापाचोळा, उसाचं चिपाड, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडी मूळची माती यांतून. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कँटीनमधल्याच ओल्या कचऱ्यावर फळझाडं आणि भाज्या वाढवून दाखवल्या. गोदीच्या काँक्रीटवर. हे काही गूढ ज्ञान नाही. पण त्याची जाहिरात होत नाही, कारण त्यात कुणाला गोणी विकता येत नाही.

आणि कच्च्या मालाची टंचाई तरी कुठे आहे? कल्याणचं आधारवाडीचं डम्पिंग ग्राउंड २०२१ मध्ये बंद झालं, दिव्याचं २०२३ मध्ये. वर्षानुवर्षं त्यांच्या धुराने आजूबाजूच्या माणसांचे श्वास कोंडले. त्या ढिगांत मोठा हिस्सा होता ओल्या कचऱ्याचा, म्हणजे वेळेत कुजवला असता तर जे खत झालं असतं त्याचा. आज कचरा दुसरीकडे जातो, पण जातोच. जुन्या सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात आणि स्टेशनच्या वाटेवर शहाळ्यांच्या गाड्या लागतात. संध्याकाळी तिथे हिरव्या कवट्यांचा ढीग असतो. यंत्राने तुकडे करून, वाळवून, धुवून त्यांचाही भुसा होतो. उल्हास नदीत मोहन्याच्या बाजूला दर उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो, तो काढून किनाऱ्यावर टाकतात. त्याचंही खत होतं, फक्त ते भाजीच्या कुंडीत घालू नये, कारण त्या पाण्यात कारखान्यांनी काय काय सोडलेलं आहे ते नदीकाठच्यांना चांगलंच माहीत आहे. फुलझाडांना चालेल. निर्माल्यापासून खत करण्याचं काम ठाण्यात महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी करून दाखवलेलंच आहे. कुजणारा माल शहराच्या गळ्याशी आलेला असताना तोच कुजका माल चार देश ओलांडून गोणीत भरून आणायचा, आणि वर त्याला पर्यावरणप्रेम म्हणायचं!

कुणी म्हणेल, एवढा संताप एका पिशवीवर? संताप पिशवीवर नाही. माहीत असून सांगितलेल्या अर्धसत्यावर आहे. ‘नैसर्गिक’, ‘जैविक’, ‘पुनर्निर्मितीक्षम’ ही लेबलं गोणीवर छापताना चरांचे फोटो कुणी छापत नाही. ग्राहकाला जर कळलं की आपल्या हातातला भुगा हजारभर वर्षं पाण्याखाली साठलेला होता, त्याच्यावरचं जिवंत शेवाळ आधी खरवडून काढलं गेलं होतं आणि आपल्या कुंडीत तो काही वर्षांत हवेत विरणार आहे, तरीही त्याने तो घ्यायचं ठरवलं, तर तो त्याचा निर्णय. आज तो निर्णय त्याच्या वतीने दुसरंच कुणी घेतं.

तेव्हा ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या उद्यान विभागांना माझी विनंती आहे: रोपं आणि माती खरेदीच्या निविदांत एक ओळ घाला, ‘पीट किंवा पीटमिश्रित माध्यम चालणार नाही’. दुकानदारांनो, गोणीवर काय आहे ते मराठीत लिहून लावा, देशाच्या नावासह. आणि वाचकहो, पुढची गोणी उचलण्याआधी ती उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. ‘पीट’ असा शब्द दिसला तर ती तिथेच ठेवा आणि धुतलेलं कोकोपीट, गांडूळखत आणि लाल माती मागा. तिन्ही मिळून त्याच्या निम्म्या पैशांत येतात.